चिमूटभर फेराइट: तापणाऱ्या स्टेनलेसच्या वेल्डची शंभर वर्षं

स्टेनलेस स्टील म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर जेवणाचा डबा येतो, नाहीतर मांडणीवरची नाव कोरलेली भांडी. आजचं स्टेनलेस त्याच घराण्यातलं आहे, पण ते स्वयंपाकघरात राहत नाही. ते राहतं भट्टीत, वीजकेंद्राच्या वाफेच्या पाइपात, अणुभट्टीच्या पोटात. ५००-६०० अंश सेल्सिअसला, कधी त्याहून जास्त तापमानाला, वर्षानुवर्षं. असे पाइप आणि अशा टाक्या एका तुकड्यात ओतता येत नाहीत, वेल्ड करूनच जोडाव्या लागतात. आणि वेल्ड केलं की तडे जातात.

हे तडे थांबवायचं औषध सापडलं, तेही चांगलं गुणकारी. पण ते औषध जास्त झालं तर उष्णतेत हळूहळू त्याचंच विष होतं. आजचा भाग त्या औषधाच्या मात्रेचा आहे. थोडं केमिस्ट्री येईल, घाबरू नका, बारावीच्या पुढे जाणार नाही.

सुरुवात करू १९१२ पासून. जर्मनीतलं एसेन शहर, तिथली क्रुप कंपनी, तोफांसाठी जगभर प्रसिद्ध. तिथे बेन्नो श्ट्राउस आणि एडुआर्ड माउरर हे दोघं एका साध्या कटकटीवर काम करत होते. भट्टीचं तापमान मोजायला जो पायरोमीटर आत घालतात, त्याची बाहेरची नळी जळून जायची. ती टिकावी म्हणून त्यांनी लोखंडात क्रोमियम आणि निकेल वेगवेगळ्या प्रमाणात घालून पाहिलं. त्यातून एक मिश्रण निघालं, साधारण २० टक्के क्रोमियम आणि ७ टक्के निकेल. त्याला त्यांनी नाव दिलं व्ही-टू-ए. यातला व्ही म्हणजे जर्मन भाषेत 'प्रयोग'. इतकं रुक्ष नाव, आणि आपला डबा त्याच वंशातला! पुढच्याच वर्षी इंग्लंडमध्ये शेफिल्डला हॅरी ब्रिअर्ली बंदुकीच्या नळ्या गरम वायूंनी लवकर झिजतात म्हणून नवं पोलाद शोधत होता, आणि त्याच्या हाती क्रोमियमचं न गंजणारं पोलाद लागलं. मला यातली गंमत ही वाटते की दोन्हीकडे मूळ दुखणं गंजाचं नव्हतंच. उष्णतेचं होतं. सुरी-काटे आणि डबे नंतर आले.

क्रोमियम काय करतं, तर धातूच्या अंगावर स्वतःच्या ऑक्साइडचा पातळ, घट्ट थर धरतं. त्यामुळे तापलं तरी पापुद्रे सुटत नाहीत. निकेल काय करतं, तर आतली अणूंची रचना बदलून टाकतं. साध्या लोखंडात खोलीच्या तापमानाला जी रचना असते तिला फेराइट म्हणतात. ती चुंबकाला चिकटते. पुरेसं निकेल घातलं की रचना होते ऑस्टेनाइट. ती चुंबकाला दाद देत नाही, लवचीक असते आणि तापल्यावरही ताकद धरून ठेवते. म्हणून उष्णतेच्या कामाला ऑस्टेनाइटवालं स्टेनलेस. ही दोन नावं लक्षात ठेवा, फेराइट आणि ऑस्टेनाइट. पुढची सगळी भानगड या दोघांमधली आहे.

आता ऑस्टेनाइटला वेल्डमध्ये तडे का जातात? दोन कारणं आहेत आणि ती एकत्र येऊन घात करतात.

पहिलं कारण, ते फुगतं फार. एक मीटर लांबीची साध्या पोलादाची पट्टी १०० अंशांनी तापवली तर साधारण १.२ मिलिमीटर वाढते. ऑस्टेनाइटची १.७. वर ते उष्णता वाहून नेण्यात आळशी. साध्या पोलादाच्या जवळपास एक तृतीयांश. म्हणजे वेल्डची उष्णता जिथल्या तिथे कोंडून राहते, तेवढाच भाग फुगतो, आणि थंड होताना तेवढाच भाग जोरात आकसतो. बाजूचा थंड धातू त्याला आकसू देत नाही. ओढाताण सुरू.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. वितळलेला धातू एकदम गोठत नाही. स्फटिक बाहेरून आत वाढत जातात, आणि पोलादातली घाण, मुख्यतः गंधक आणि फॉस्फरस, हे स्फटिक आपल्यात घेत नाहीत. ऑस्टेनाइट तर या दोघांना जवळजवळ उभंच करत नाही. मग ही घाण शेवटच्या उरलेल्या द्रवात गोळा होते आणि स्फटिकांच्या मधल्या फटींत पातळ थर होऊन राहते. हा थर बाकीच्या धातूपेक्षा बराच कमी तापमानाला गोठतो. म्हणजे एक क्षण असा येतो की वेल्ड बघायला घट्ट झालेला असतो, पण आतून कणाकणांच्या मध्ये अजून ओलं असतं. नेमका त्याच क्षणी तो आकसत असतो. फाटणारच ना. याला गरम तडा म्हणतात. काही वेळा तो डोळ्यांना दिसतो, बऱ्याचदा दिसत नाही, आणि न दिसणारा जास्त वाईट.

साध्या आणि मध्यम कडक पोलादाची सवय असलेल्या वेल्डरला इथे उलटं शिकावं लागलं. कडक पोलादात तडे टाळायला आधी जॉब तापवतात, म्हणजे तो सावकाश थंड होतो आणि ठिसूळ होत नाही. स्टेनलेसमध्ये ते केलं तर आगीत तेल. इथे जॉब थंड ठेवायचा. एक थर मारला की थांबायचं, साधारण १५० अंशांच्या खाली आला की पुढचा थर. बारीक, सरळ बीड मारायचा, हात फार हलवायचा नाही. बीडचं पोट किंचित फुगीर हवं, खोलगट नको. आणि आर्क तोडताना शेवटचा खड्डा, ज्याला क्रेटर म्हणतात, तो भरल्याशिवाय रॉड उचलायची नाही, कारण ती सगळी घाण शेवटी तिथेच येऊन बसते. जॉबवरचं तेल, ग्रीस पुसायचं, कारण त्यातही गंधक असतं. हे सगळं खरं आणि आजही पाळलं जातं. पण नुसत्या हाताच्या कौशल्याने प्रश्न सुटला नव्हता. दोन वेल्डर सारखंच काम करायचे, एकाच नंबरच्या दोन पेट्यांतल्या रॉड वापरायचे, आणि एकाला तडे जायचे, दुसऱ्याला नाही.

त्याच काळात एक वेगळा आजारही होता. वेल्डच्या शेजारच्या पट्ट्यात कार्बन क्रोमियमला पकडून कणांच्या कडेला बसायचा, आणि क्रोमियम नसलेल्या त्या कडा ॲसिडमध्ये खाऊन जायच्या. त्यावर इलाज निघाला की टायटॅनियम किंवा नायोबियम घाला, म्हणजे कार्बन त्यांच्याकडे जाईल, क्रोमियम मोकळं राहील. यातून टायटॅनियमवालं ३२१ आणि नायोबियमवालं ३४७ असे दोन प्रकार आले. छान इलाज. फक्त नायोबियमसुद्धा त्या शेवटच्या द्रवात जाऊन बसतं आणि गरम तड्यांना हातभार लावतं. ३२१ आणि ३४७ दोन्ही नंबर ध्यानात ठेवा, ते परत येणार आहेत.

मग आलं दुसरं महायुद्ध. रणगाड्यांचं चिलखत रिव्हेटने जोडण्याऐवजी वेल्ड करायला लागले. चिलखताचं पोलाद कडक, साध्या रॉडने जोडलं की हायड्रोजनमुळे तडकायचं. अमेरिकेत त्यासाठी स्टेनलेसच्या रॉड वापरल्या, कारण ऑस्टेनाइट हायड्रोजन पोटात ठेवतं आणि ताण पडला तर तुटण्याऐवजी ताणलं जातं. आधी २५ टक्के क्रोमियम आणि २० टक्के निकेलची रॉड. पण युद्धात निकेल आणि क्रोमियमची टंचाई, म्हणून कमी निकेलच्या रॉडकडे वळावं लागलं. झालं काय, तर रॉडची रसायनं बदलली, चिलखत वेगळं, दोन्ही वितळून मिसळतात, आणि वेल्डमध्ये नेमकं काय तयार होईल ते आधी कळायला हवं. अंदाजपंचे धागोदरसे करून रणगाडा बनत नाही.

१९३० आणि ४० च्या दशकांत हळूहळू एक गोष्ट ध्यानात आली होती. पूर्ण शुद्ध ऑस्टेनाइटचा वेल्ड तडकतो, पण त्यात थोडंसं फेराइट असलं तर तडे थांबतात. कारण फेराइट गंधक आणि फॉस्फरस बऱ्यापैकी पचवतं. शिवाय दोन वेगळ्या रचनांच्या मधली हद्द वाकडीतिकडी असते, त्यामुळे तो द्रवाचा थर सलग पसरत नाही. म्हणजे ज्या फेराइटला निकेल घालून हाकलून दिलं, त्यालाच चिमूटभर परत बोलवायचं. पण किती? आणि रॉडच्या पेटीवरच्या आकड्यांवरून ते ओळखायचं कसं?

याचं उत्तर अँटन शेफलरने दिलं. १९४९ साली त्याने एक आकृती छापली, आजही जगभरच्या वर्कशॉपमध्ये त्याच्या नावाने ओळखली जाते. कल्पना अशी की जी मूलद्रव्यं फेराइटच्या बाजूने आहेत ती सगळी 'क्रोमियमच्या हिशोबात' मोजायची, आणि जी ऑस्टेनाइटच्या बाजूने आहेत ती 'निकेलच्या हिशोबात'. क्रोमियम अधिक मॉलिब्डेनम अधिक दीडपट सिलिकॉन अधिक अर्धं नायोबियम, हा एक आकडा. निकेल अधिक ३० पट कार्बन अधिक अर्धं मँगनीज, हा दुसरा. आडव्या आणि उभ्या अक्षावर टिंब मारा, वेल्डमध्ये काय मिळणार ते कळतं. कार्बनचा ३० हा गुणक बघा. कार्बन ०.०५ टक्के म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण तो दीड टक्का निकेलइतकं काम करतो.

मी दिवसभर कोड लिहिणारा माणूस, त्यामुळे मला यात जे दिसतं ते सांगतो. दहाएक व्हेरिएबल दाबून दोनवर आणायचे आणि हाताने कागदावर सीमारेषा काढायच्या. हे मॉडेलच आहे, फक्त कॉम्प्युटरशिवाय. आणि चांगल्या मॉडेलसारखं ते जिथे चुकतं तिथूनही काही शिकवतं.

उदाहरणच घेऊ. भट्टीच्या आतल्या सामानाला वापरतात तो ३१० नंबर. रॉडमध्ये समजा २६ टक्के क्रोमियम, ०.४ सिलिकॉन, क्रोमियमचा हिशोब २६.६. निकेल २०.५, कार्बन ०.१२, मँगनीज १.८; निकेलचा हिशोब २५. टिंब थेट शुद्ध ऑस्टेनाइटच्या पट्ट्यात. म्हणजे ३१० ला फेराइटचं औषध देताच येत नाही. तिथे मग पथ्यच पाळावं लागतं: गंधक-फॉस्फरस एकदम कमी असलेली रॉड, गंधकाला बांधून ठेवायला मँगनीज, बारीक बीड, थंड जॉब. याउलट रोजच्या ३०८ च्या रॉडमध्ये टिंब फेराइटच्या रेषांमध्ये पडतं, म्हणून ती इतकी निमूटपणे वेल्ड होते. आणि आपल्याकडे कुठल्याही एमआयडीसीत स्टेनलेस साध्या एमएसला जोडायचं म्हटलं की वेल्डर ३०९ ची रॉड का मागतो? कारण एमएस मिसळून पातळ झाल्यावरही तिच्यात चिमूटभर फेराइट उरतं. शेफलरचं नाव त्याने ऐकलेलं नसेल, पण रॉड त्याच्याच आकृतीतून आलीय.

मॉडेल चुकलं कुठे, तर हवेत. शेफलरच्या सूत्रात नायट्रोजन मोजलेला नव्हता. वेल्डरने आर्क लांब धरला की आजूबाजूची हवा आत ओढली जाते, आणि हवेत चार पंचमांश नायट्रोजन. नायट्रोजन कार्बनसारखाच ऑस्टेनाइटचा कट्टर समर्थक. म्हणजे रॉड तीच, पेटी तीच, पण एकाचा हात लांब, तर त्याच्या वेल्डमधलं फेराइट गेलं आणि तडा आला. दोन वेल्डरचं मघाचं कोडं सुटायला इथून मदत झाली. १९५० च्या दशकात डीलाँग आणि त्याच्या सहकाऱ्यांनी नायट्रोजनही ३० ने गुणून सूत्रात घातला. 'आर्क आखूड धर' हा उस्तादाचा जुना ओरडा त्या सूत्रात बसतो.

पुढचा प्रश्न मोजमापाचा. सूक्ष्मदर्शकाखाली फेराइट किती टक्के ते मोजायला बसलं तर एकाच तुकड्यावर दोन प्रयोगशाळांचं उत्तर जुळायचं नाही. कोणाचे ५ टक्के, कोणाचे ८. खरेदी करणारा म्हणतो माल नापास, विकणारा म्हणतो पास. मग १९७० च्या दशकात सगळ्यांनी ठरवलं, टक्क्यांचा नाद सोडा. फेराइट चुंबकाला ओढतं, ऑस्टेनाइट नाही. ठरावीक चुंबक वेल्डला चिकटवा, तो सोडवायला किती जोर लागतो ते बघा, आणि त्याला एक नंबर द्या. हाच फेराइट नंबर. खरं प्रमाण किती यावर वाद घालण्याऐवजी सगळ्यांना सारखाच येणारा आकडा निवडला. मला हा निर्णय फार आवडतो. सॉफ्टवेअरमध्ये आम्ही अशाच गोष्टींवर तासन्‌तास मीटिंगा घेतो.

त्याच दशकाच्या शेवटी फिनलंडमधल्या औलू शहरातल्या सुउताला, ताकालो, मोइसिओ वगैरे संशोधकांनी सगळ्यांच्या समजुतीला एक धक्का दिला. थंड झालेल्या वेल्डमध्ये मोजलेलं फेराइट तड्यांना थांबवत नाही, कारण तडे पडतात तेव्हा वेल्ड १,२०० अंशांच्या वर असतो. खरा प्रश्न असा की गोठायला सुरुवात फेराइटने होते की ऑस्टेनाइटने. फेराइटने सुरुवात झाली की घाण आधीच पचते. नंतर थंड होताना बरंचसं फेराइट ऑस्टेनाइट होऊन जातं आणि थोडं मागे उरतं. आपण मोजतो ते हे उरलेलं, पाऊस पडून गेल्यावर अंगणात राहिलेल्या डबक्यासारखं. क्रोमियमचा हिशोब निकेलच्या हिशोबाच्या साधारण दीडपट झाला की सुरुवात फेराइटने होते. १९९२ साली कोटेकी आणि सीवर्ट यांनी जी नवी आकृती दिली, तिच्यात गोठण्याच्या या पद्धतींच्या सीमासुद्धा काढल्या आहेत.

इथपर्यंत वाटेल की झालं, फेराइट घाला आणि सुटा. टाकी थंड राहणार असेल तर खरंच सुटलात. पण आपलं स्टेनलेस तापणार आहे.

फेराइटमध्ये क्रोमियम जास्त असतं. साधारण ६०० ते ९०० अंशांत ते जास्त काळ राहिलं की लोखंड आणि क्रोमियम मिळून सिग्मा नावाचं संयुग बनवतात. कडक, आणि काचेसारखं ठिसूळ. ऑस्टेनाइटमध्येही सिग्मा होतो, पण फार सावकाश. फेराइटमध्ये तो भराभर होतो. म्हणजे वेल्डच्या दिवशी ज्याने तडा वाचवला, तोच काही वर्षांनी आतून ठिसूळ होतो. प्लँट बंद करून गार केला, धक्का बसला, की तुटायचं निमित्त. म्हणून उष्णतेच्या कामात फेराइटला खालची मर्यादा असते तशी वरचीही. कमी झालं तर आज तडा, जास्त झालं तर वीस वर्षांनी.

१९५० च्या दशकात अमेरिकेतल्या वीजकेंद्रांनी वाफेचं तापमान वर न्यायला सुरुवात केली आणि जाड भिंतीच्या पाइपांसाठी ३४७, तेच नायोबियमवालं, वापरलं. त्या जाड पाइपांत वेल्डच्या शेजारी तडे दिसायला लागले. त्यातून एक वेगळी रॉड आली, १६-८-२ म्हणजे १६ टक्के क्रोमियम, ८ टक्के निकेल, २ टक्के मॉलिब्डेनम. क्रोमियमच कमी, त्यामुळे फेराइट जेमतेम आणि सिग्माला खाद्यही कमी. साधी, हुशार युक्ती. त्या काळातलं सगळ्यात धाडसी केंद्र म्हणजे फिलाडेल्फियाजवळचं एडिस्टोन. वाफ ६४९ अंशांची. तिथे मुख्य वाफेच्या पाइपांना ३१६ घेतलं.

आणखी एक तडा आहे, तो वेल्डच्या दिवशी येतच नाही. फ्रान्समध्ये ऱ्होन नदीकाठी मार्कूलला फेनिक्स नावाची फास्ट ब्रीडर अणुभट्टी १९७३ साली सुरू झाली. यात उष्णता पाण्याने नाही, वितळलेल्या सोडियमने वाहून नेतात. सोडियम म्हणजे शाळेत रॉकेलमध्ये बुडवून ठेवतात तो. गरम असताना हवेला भेटला की जळतो, पाण्याला भेटला की विचारूच नका. फेनिक्सच्या दुय्यम सोडियम पाइपांत काही ठिकाणी ३२१ होतं, टायटॅनियमवालं. वर्षानुवर्षं तापल्यावर वेल्डच्या शेजारच्या पट्ट्यात तडे निघाले. कारण असं की टायटॅनियमचे बारीक कार्बाइड कणांच्या आत बसून कणांना कडक करतात. वेल्डचा उरलेला ताण मग कणांच्या आत न मुरता त्यांच्या कडांवर येतो आणि कडा सावकाश उघडतात. ॲसिडपासून वाचवायला जे घातलं होतं, त्यानेच असा दगा दिला.

आता आपल्या घरी येऊ. चेन्नईजवळ कल्पाक्कमला ५०० मेगावॉटची आपली फास्ट ब्रीडर अणुभट्टी आहे. तिच्यातला गरम सोडियम ५४७ अंशांचा, आयुष्य धरलंय ४० वर्षं. मुख्य पात्राचा व्यास साधारण १२.९ मीटर. चार मजली इमारतीएवढं हे भांडं रस्त्याने नेता येत नाही, म्हणून प्लेटा वाकवून तिथेच जागेवर वेल्ड केलं, आणि डिसेंबर २००९ मध्ये ते खड्ड्यात उतरवलं. एकदा सोडियम भरला की हे पात्र बदलता येत नाही.

तिथल्या इंदिरा गांधी अणुसंशोधन केंद्राच्या लोकांनी या सगळ्या इतिहासातून काय उचललं ते बघा. टायटॅनियम नको, नायोबियम नको. धातू घेतला ३१६ एलएन: कार्बन कमी, म्हणजे कार्बाइडची कटकट नाही, आणि कार्बन गेल्याने कमी झालेली ताकद नायट्रोजनने भरून काढायची. पण डीलाँग आठवतोय ना? नायट्रोजन फेराइटला मारतो. म्हणजे ताकदीसाठी जे घालायचं तेच तड्याला आमंत्रण. मग त्यांनी खास रॉड ठरवली. कार्बन ०.०४५ ते ०.०५५ टक्के, नायट्रोजन ०.०६ ते ०.१० टक्के, आणि फेराइट नंबर ३ ते ७. कार्बनची ती खिडकी पाहा, एका टक्क्याचा शंभरावा भाग. ३ च्या खाली गेलात तर वेल्ड तडकेल, ७ च्या वर गेलात तर ४० वर्षांचा भरवसा नाही. त्याच केंद्रातल्या मंडळींनी २००३ च्या सुमारास फेराइटचा अंदाज बांधायला न्यूरल नेटवर्क वापरून त्याची जुन्या आकृत्यांशी तुलनाही केली होती. तेव्हा एआय हा शब्द चहाच्या टपरीवर पोचायचा होता.

मार्च २०२४ मध्ये या अणुभट्टीचा गाभा भरायला सुरुवात झाली. मुख्य पात्राच्या बाहेर एक दुसरं, सुरक्षा पात्र आहे. दोघांच्या मध्ये साधारण ३०० मिलिमीटरची फट ठेवलीय, माणूस जाऊ शकत नाही इतकी अरुंद. तिच्यातून रिमोटवर चालणारी एक छोटी गाडी वेल्डच्या रेषेवरून फिरवायची आणि कुठे तडा दिसतोय का ते बघायचं, अशी सोय केलेली आहे.

चला, भेटू पुढच्या भागात.